वेठ, इर्जिक आणि गायरान

सामूहिक श्रमाचे गोडवे गाणाऱ्यांनी आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे : सारे मिळून राबल्यावर रास कोणाच्या घरी जाते? गावगाड्यात दलित नेहमीच इतरांबरोबर राबत आला, पण त्या राबण्याचे नाव वेठ होते. आमच्या देगलूरसह सारा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली होता. शेजारच्या तेलंगणात कर्जापोटी राबणाऱ्या मजुराला ‘भगेला’ म्हणत. त्यासाठी संस्थानाला १९३६ साली कायदा करावा लागला.

इर्जिक ही परस्पर साहाय्याची रीत खरी. एकाच्या रानात अनेकांचे नांगर उतरतात. मजुरी नसते, जेवण असते. पण ती बैलबारदाना असणाऱ्यांची रीत. ज्याला बैल नाही, रान नाही, तो परतफेड कशाने करणार? श्रमदानाच्या भाबड्या प्रचारकांना हा प्रश्न सहसा पडत नाही.

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मुळालाच हात घातला. जमीन राज्याची, ती जातधर्म न पाहता गावकऱ्यांनी सामूहिकपणे कसावी, बैल, अवजारे, बी, खत, पाणी राज्याने पुरवावे आणि देणी वजा जाता उत्पन्न कसणाऱ्यांनी वाटून घ्यावे, अशी ती योजना. संविधानात ती आली नाही. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली झालेल्या सत्याग्रहांनी भूमिहीनांसाठी पडीक जमीन मागितली. पुढे मराठवाड्यात एकनाथ आवाडांच्या मानवी हक्क अभियानाने गायरानाचा लढा उभा केला.

गायरान म्हणजे बहुधा मुरूम आणि दगडगोटे. ते एका घराला वहितीखाली आणता येत नाही. दगड वेचणे, धुरे घालणे, उसन्या बैलांनी पाळी घालणे ही कामे चार घरांनी मिळूनच करावी लागतात. शिवाय इथे श्रमाचा पुरावा होतो. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीचा ताबा नियमित करण्याची वाट दिली. पण ताबा दाखवायचा कशाने? गाव नमुना एक-ई मधील अतिक्रमणाची नोंद, दंडाच्या पावत्या, पंचनामे, दरवर्षीचे पीक. दंडाची पावती ही कसणाऱ्याची दौलत ठरावी, हा व्यवस्थेचा विनोदच! २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. शासनाने भूमिहीनांना वा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा त्यात अपवाद आहे. कागद नसलेला कसणारा उघड्यावरच राहिला.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून महाविद्यालयांत आहे. तिच्या शिबिरातील मुलांनी मंदिराचे आवार झाडण्यापेक्षा या रानात यावे. काय करायचे ते कसणाऱ्या बायकांनी ठरवावे, मुलांनी ऐकावे. फावडे चालवता येत नसेल त्याने अर्ज लिहावेत, पावत्या तारीखवार लावून द्याव्यात. तेही श्रमच आहेत. धान्याच्या दाण्यावर मात्र पाहुण्यांचा हक्क नाही.

एक अडचण उरते. गायरानावरचा हल्ला पुष्कळदा उभ्या पिकात गुरे सोडून होतो. म्हणून रात्रीच्या जागलीला माणसे लागतात ती मूग-उडदाच्या शेंगा भरल्यापासून. आमची शिबिरे बहुधा हिवाळ्यात भरतात.