सोवळ्याला लागलेली कसर

गौरी-गणपतींना निरोप देऊन महिना लोटत नाही तोच पितृपक्ष सरतो आणि आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात. पावसाने न्हालेली सृष्टी सोनेरी उन्हात अंग सुकवीत असते. झेंडूची आरास, माळांचा सुगंध आणि नंदादीपाचा मंद प्रकाश यांनी देवघर उजळून निघते. याच सुमारास घरातील थोरली स्त्री कपाटाच्या तळाशी जपून ठेवलेले गाठोडे बाहेर काढते. त्यात यजमानांचा मुकटा असतो, सासूबाईंची पैठणी असते आणि एखाद्या जुन्या घराण्यात आजेसासूबाईंची धाबळीही असते. वर्षभर ज्यांचे दर्शनही घडत नाही, अशी ही वस्त्रे सणाच्या दिवशी कुलाचाराचा मान मिरवितात.

गोरेगाव-मालाडच्या पूर्वेस, पश्चिम द्रुतगती महामार्ग ओलांडून गेले की दिंडोशीची वस्ती लागते. एका अंगाला आरेची झाडी आणि त्यापलीकडे राष्ट्रीय उद्यानाचे रान. १९७६ च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याखालील जमिनीवर, मृणालताई गोरे व त्यांच्या सहकाऱ्यांच्या दीर्घ लढ्यातून, येथेच नागरी निवारा वसाहत उभी राहिली आणि मुंबईत स्वतःचे छप्पर नसलेल्या अनेक सामान्य कुटुंबांना हक्काचे घर लाभले. अशा घरांत संसार नवा असला तरी ट्रंक मात्र जुनीच असते.

दिंडोशीतीलच एका घरी घटस्थापनेच्या पहाटे घडलेला प्रसंग सांगण्याजोगा आहे. कै. सासऱ्यांचा रेशमी मुकटा सूनबाईंनी पूजेसाठी उलगडला आणि त्यांच्या काळजात चर्र झाले. काठालगत मोहरीएवढी पाच-सात भोके पडली होती आणि घडीत पांढुरके जाळे चिकटले होते. त्या गहिवरून म्हणाल्या, "आई, डांबरगोळ्या तर आपण दरवर्षी न चुकता घालतो हो!" सासूबाईंनी वस्त्रावरून हात फिरवला. "कसर लागली गं याला," एवढेच त्या बोलल्या. फाटके वस्त्र पूजेला चालत नाही, म्हणून त्या दिवशी यजमान साध्या धूतवस्त्राने पूजेला बसले. पूजा यथासांग झाली; पण घरातील प्रत्येकाला चुकल्यासारखे वाटत राहिले.

गोळ्या घालूनही कसर लागली, ती का? हा प्रश्न केवळ त्या एका घरचा नाही.

खरा चोर कोण?

आपण 'कसर' हा एकच शब्द दोन-तीन निरनिराळ्या किड्यांना लावतो. पोथ्यांना आणि खळ घातलेल्या सुती कापडाला लागणारी चंदेरी, चपळ आणि शेपटीकडे तीन तंतू असणारी कसर निराळी. रेशीम व लोकर खाणारी कसर म्हणजे एका लहानशा पतंगाची अळी होय. हा पतंग पिवळसर सोनेरी असून जेमतेम अर्धा-पाऊण सेंटिमीटर लांब असतो. गंमत अशी, की हा उडणारा पतंग काहीच खात नाही! त्याचे तोंड खाण्याच्या उपयोगाचे नसते. त्याची मादी वस्त्राच्या घडीत चाळीस-पन्नास बारीक अंडी घालते, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या वस्त्र कुरतडतात. लोकर, केस व पिसे ज्या द्रव्याची बनलेली असतात, ते इतर बहुतेक प्राण्यांना पचत नाही. या अळीला मात्र ते पचविण्याची शक्ती निसर्गाने दिली आहे.

आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. नंदादीपाभोवती घिरट्या घालणारे पतंग पाहून पुष्कळ गृहिणी धास्तावतात. परंतु वस्त्रांचा शत्रू उजेडाला भितो. कपाट उघडताच जो अंधाऱ्या कोपऱ्याकडे धावतो, तोच खरा चोर समजावा.

मुंबईकरांच्या परिचयाचा याचा एक भाऊबंदही आहे. भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी चपटी, करडी पिशवी चिकटलेली दिसते आणि थोड्या वेळाने पाहावे तो ती सरकलेली असते! त्या पिशवीतही अळीच राहते. कोळ्यांची जुनी जाळी, गळलेले केस आणि लोकर यांवर ती जगते. भिंतीवर अशा पिशव्या वाढल्या, की कोनाकोपऱ्यांची झाडलोट अपुरी पडते आहे असे समजावे.

मूळ दोष कोठे?

मुंबईच्या उपनगरांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या दमट, उबदार हवेत अंड्यापासून पतंगापर्यंतचा प्रवास दोन-तीन महिन्यांत पुरा होऊ शकतो. म्हणजे एका गौरीपूजनापासून दुसऱ्या गौरीपूजनापर्यंत बंद गाठोड्यात या किड्याच्या कित्येक पिढ्या नांदून जातात.

परंतु सारा दोष हवेला देता येणार नाही. रेशीम व लोकर ही वस्त्रे सुताप्रमाणे रोज धुवावी लागत नाहीत, अशी आपल्याकडे रूढी आहे. त्यामुळे सणाच्या दिवशी घामाने भिजलेला, नैवेद्याच्या तुपाचा थेंब सांडलेला मुकटा तसाच वाळवून घडी करून ठेवला जातो. घाम, तूप आणि अन्नाचे डाग हे या अळीला पक्वान्नासारखे. स्वच्छ रेशमापेक्षा डागाळलेले रेशीम ती अधिक आवडीने खाते. काठाजवळ, काखेपाशी आणि निऱ्यांच्या जागी भोके अधिक दिसतात, त्याचे कारण हेच.

या बाबतीत आपल्या पूर्वजांची दृष्टी रूढीहून अधिक डोळस होती, असे म्हणावे लागते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार करताना रेशीम व लोकर क्षारयुक्त मातीने, तर कांबळी रिठ्याने शुद्ध करावी असे सांगितले आहे. सोवळे म्हणजे केवळ शिवाशिव टाळणे नव्हे, तर वस्त्र प्रत्यक्षात निर्मळ राखणे, हा त्यामागील आशय विसरून कसे चालेल?

घराला साधणारे उपाय

प्रथम, सणानंतर वस्त्र ठेवण्यापूर्वी ते स्वच्छ करावे. साधा मुकटा रिठ्याच्या कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवावा. धुण्याचा सोडा मात्र वर्ज्य. तीव्र क्षाराने रेशीम व लोकर दोन्ही दुबळी होतात. जरीची पैठणी घरी न धुता जाणत्या धुलाईवाल्याकडे द्यावी.

दुसरे, आश्विनातील कोरड्या हवेचा लाभ घ्यावा. गाठोडे पूर्ण उलगडून प्रत्येक घडी झटकावी, शिवणी व काठ मऊ कुंचल्याने साफ करावेत. घडीत दडलेली अंडी व अळ्या अशाने गळून पडतात. लोकरीला थोडे ऊन चालते. रेशीम मात्र सावलीतच वारे द्यावे, कारण कडक उन्हाने त्याचा रंग व बळ दोन्ही जातात. असे उलगडणे वर्षातून एकदाच न करता दर दोन महिन्यांनी केल्यास फारच उत्तम.

तिसरे, कपाट रिकामे करून त्याच्या फटी, कोपरे आणि मागची बाजू झाडून-पुसून घ्यावी. खिडकीच्या जाळीपाशी कबुतराने घरटे केले असेल, तर पिले उडून गेल्यावर ते आवर्जून काढावे. पिसांनी भरलेले घरटे हे या किड्याचे माहेरघर असते आणि तेथून तो सहज घरात शिरतो.

चौथे, कसर लागलेलीच असेल, तर थंडीचा उपाय हमखास आहे. वस्त्र सुती कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घालावे, हवा काढून पिशवी घट्ट बंद करावी आणि ती उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाच्या शीतपेटीत दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये; ती खोलीइतकी उबदार झाल्यावरच उघडावी, म्हणजे वस्त्रावर दव धरत नाही. सोवळे शीतपेटीत ठेवावयाचे, या कल्पनेने काही घरांत कपाळाला आठ्या पडतील. त्यांनी नंतर ते धुऊन घ्यावे, म्हणजे शंकेला जागा उरणार नाही. फार जुने, विरलेले वस्त्र असेल तर मात्र आधी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

शेवटी, स्वच्छ व पूर्ण कोरडे झालेले वस्त्र धुतलेल्या सुती कापडात बांधून घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावे. सोबत वेखंडाचे तुकडे, वाळ्याची जुडी किंवा सुकलेला कडुलिंब पुरचुंडीत बांधून ठेवण्याची आपल्या आजींची चाल चांगलीच आहे. पण ही द्रव्ये राखणदार आहेत, शिपाई नव्हेत. उग्र गंध टिकेतो नव्या पतंगाला ती दूर ठेवतील. आत शिरलेल्या अळीचा नाश त्यांच्याकडून होणार नाही.

डांबरगोळ्यांविषयी इशारा

आता त्या डांबरगोळ्यांचे पाहू. गोळीची वाफ कोंडून राहिली तरच तिचा प्रभाव पडतो. फटी असलेल्या आणि दिवसातून दहा वेळा उघडल्या जाणाऱ्या कपाटातून ती निघून जाते. किडा मरत नाही आणि वाफ मात्र माणसांच्या श्वासात जाते. त्यातही एक धोका प्रत्येक घराने ध्यानी धरावा असा आहे. काही बालकांच्या रक्तात एका विशिष्ट द्रव्याची जन्मजात उणीव असते. डांबरगोळ्यांत ठेवलेली दुपटी, झबली किंवा कुंची अशा तान्ह्याला घातली, तर त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटून पंडुरोग व तीव्र कावीळ होऊ शकते. थोरल्याच्या बारशाची झबली धाकट्यासाठी जपून ठेवण्याची हौस कोणत्या आईला नसते? पण ती गोळ्यांविना जपावीत. शुभ्र गोळी लहान मुलांना खडीसाखरेसारखी भासते, हेही विसरू नये. कापूरही पोटात गेल्यास मुलांना झटके येतात. तेव्हा कापराची डबीसुद्धा त्यांच्या हाती लागू देऊ नये.

जीवहत्येचा प्रश्न

एखादी श्रद्धाळू भगिनी विचारील, की सणाच्या दिवसांत जीव मारावा काय? प्रश्न योग्य आहे. ज्या रेशमाला आपण पवित्र मानतो, तेही एका पतंगाच्याच अळीने विणलेल्या कोशाचे. एका अळीने विणावे आणि दुसरीने कुरतडावे, असा हा सृष्टीचा व्यवहार आहे. इंग्लंडमधील ब्लिकलिंग हॉल या ऐतिहासिक वाड्यात २०२१ साली कसरीच्या अंड्यांवर जगणाऱ्या अतिसूक्ष्म गांधीलमाशा सोडून पाहण्यात आल्या. ट्रायकोग्रामा या त्याच कुळातील माशांची कार्डे आपल्याकडील ऊस-बागायतदार खोडकिड्यासाठी शेतात लावतात. पण घराघरांत खरा अहिंसक मार्ग एकच: वस्त्र इतके स्वच्छ ठेवावे, की किड्याला तेथे वस्ती करावीशीच वाटू नये. मारण्याची वेळच मग येणार नाही.

दिंडोशीच्या त्या घरी सासूबाईंनी मुकटा टाकू दिला नाही. "देवाला नवा आणू, पण हा रफू करून ठेव. नातवाच्या मुंजीत त्याला हात लावायला तरी मिळेल," असे त्या सूनबाईंना म्हणाल्या. आता तो थंडीचा उपचार पुरा करून, रिठ्याने धुतला जाऊन, स्वच्छ पेटीत विसावला आहे.

विजयादशमीला सीमोल्लंघनास निघण्यापूर्वी आपणही आपल्या कपाटाची सीमा एकदा ओलांडून पाहावी. शस्त्रांबरोबर वस्त्रांचीही निगा राखावी. आई जगदंबेच्या सेवेत आपण कोठेच कसर ठेवीत नाही. ती तिच्या महावस्त्रातही का राहू द्यावी?