मातृभाषा आणि इंग्रजीतील चुका : सोलापूरच्या बहुभाषिक वर्गाचा विचार

परकी भाषा शिकू लागलेला विद्यार्थी कोऱ्या पाटीसारखा नसतो. तो वर्गात येतो तेव्हा एका भाषेची संपूर्ण व्यवस्था त्याच्या मनात आधीच रुजलेली असते, आणि नव्या भाषेचे शब्द तो नकळत त्या व्यवस्थेत बसवू पाहतो. इंग्रजीच्या उत्तरपत्रिकेतील चुका बेपर्वाईने होतात, असे मानून त्याखाली तांबडी रेघ ओढली की परीक्षकाचे काम संपते. पण चूक का झाली हा प्रश्न तसाच राहतो.

या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी स्पॅनिश भाषकांच्या अनुभवातून पुढे आली. स्पॅनिश आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेले रॉबर्ट लॅडो स्पेनमध्ये वाढले व तरुणपणी अमेरिकेत परतल्यावर इंग्रजी शिकले. पुढे मिशिगन विद्यापीठात अध्यापन करीत असताना त्यांनी १९५७ साली ‘लिंग्विस्टिक्स अक्रॉस कल्चर्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन भाषांची रचना शेजारी ठेवून पाहिली असता शिकणाऱ्याला काय सोपे व काय अवघड जाईल याचा अंदाज बांधता येतो, हे त्यातील मुख्य प्रतिपादन होय. सोलापूरच्या वर्गाला हे लावताना मात्र एक अडचण येते. येथे शेजारी ठेवावयाच्या भाषा दोन नसून चार-पाच आहेत. कर्नाटकाच्या सीमेवरील या शहरात मराठीबरोबर विणकर समाजाची तेलुगू, अक्कलकोट व दक्षिण सोलापूरकडील कन्नड आणि दखनी-उर्दू या भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदत आल्या आहेत. एकाच बाकावरील तीन विद्यार्थ्यांच्या घरी तीन भाषा बोलल्या जातात, आणि त्यांना इंग्रजी मात्र बहुधा मराठीच्या द्वारे शिकविली जाते.

प्रथम उपपदांचा विचार करू. स्पॅनिशमध्ये उपपदे आहेत आणि ती इंग्रजीहून अधिक ठिकाणी येतात. म्हणून स्पॅनिश विद्यार्थी ‘आय लाइक म्यूझिक’ याऐवजी ‘आय लाइक द म्यूझिक’ असे लिहितो; त्याच्याकडून उपपद जास्तीचे पडते. मराठी, तेलुगू आणि कन्नड या भाषांत इंग्रजीसारखे उपपद नाही. त्यामुळे आपला विद्यार्थी ते गाळतो. परंतु उपपद नाही म्हणून त्यामागील अर्थभेदही मराठीत नाही, असे समजणे चुकीचे ठरेल. ‘अंगणात कुत्रा आहे’ आणि ‘कुत्रा अंगणात आहे’ ही वाक्ये पाहावीत. पहिल्यात कोणता तरी कुत्रा प्रथमच उल्लेखिला आहे. दुसऱ्यात ऐकणाऱ्यास ठाऊक असलेल्या कुत्र्याचा ठिकाणा सांगितला आहे. पहिल्याचे इंग्रजी ‘देअर इज अ डॉग इन द यार्ड’ असे होईल, तर दुसऱ्याचे ‘द डॉग इज इन द यार्ड’ असे. जे काम इंग्रजी उपपदाने करते ते मराठी येथे शब्दक्रमाने करते. हे उदाहरण फळ्यावर लिहिले असता ‘अ’ आणि ‘द’ यांचे नियम पाठ करण्याची निम्मी गरज उरत नाही. कारण विद्यार्थ्याला भेद शिकवावयाचा नसून, त्याला ठाऊक असलेल्या भेदाचे नवे चिन्ह तेवढे दाखवावयाचे असते.

स्वामित्वाची वाक्ये हे दुसरे स्थळ. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याजवळ पेन आहे’, ‘या घराला तीन दारे आहेत’ या तिन्ही वाक्यांसाठी इंग्रजीत ‘हॅव’ हे एकच क्रियापद येते. मराठीत तसे क्रियापद नाही. तेलुगूतील ‘नाकु’ आणि कन्नडातील ‘ननगे’ ही रूपे मराठीतील ‘मला’ या रूपाप्रमाणेच चालतात. येथे वर्गातील सर्व विद्यार्थी एकाच पायरीवर आहेत, व एकच पाठ सर्वांना पुरतो. स्पॅनिशची स्थिती याहून वेगळी आहे. तिच्यात स्वामित्वदर्शक क्रियापद आहे. पण भूक आणि वय यांनाही ते लागते, म्हणून तो विद्यार्थी ‘आय हॅव हंगर’ असे लिहितो. उलट ‘मला आवडते’ याच्याशी स्पॅनिशमधील ‘मे गुस्ता’ तंतोतंत जुळते.

सर्वनामांत मात्र बाकावरील सोबत्यांची फारकत होते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ऐकणारा वगळला आहे की धरला आहे, ते त्यावरून कळते. तेलुगूत ‘मेमु’ व ‘मनमु’ अशी हीच जोडी आहे. आजच्या कन्नडात मात्र ‘नावु’ हे एकच रूप असून उर्दूतही ‘हम’ एवढेच आहे. इंग्रजीतील ‘वुइ’ कन्नड विद्यार्थ्यास सहज पटते. मराठी व तेलुगू विद्यार्थ्यांना मात्र त्यात काही हरवल्यासारखे वाटते. क्रियापदाकडे पाहिल्यास तेलुगूत ‘वच्चिंदि’ या एकाच रूपात ‘ती आली’ व ‘ते आले’ हे दोन्ही अर्थ सामावतात. कन्नडात ‘बंदळु’ आणि ‘बंदितु’ ही रूपे वेगळी आहेत. सर्वांना मराठीतून एकच स्पष्टीकरण देणारा शिक्षक तेलुगू घरातील मुलाकडून दुहेरी भाषांतराची अपेक्षा करीत असतो : आधी तेलुगूतून मराठीत, मग मराठीतून इंग्रजीत.

शब्दांच्या बाबतीत अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचा शब्द अधिक फसवितो. मराठीत रुळलेले ‘हॉटेल’ चहा-भज्यांचे असते. इंग्रजीत ते मुख्यतः मुक्कामाचे ठिकाण होय. मराठीतील ‘क्लास’ म्हणजे बहुधा खासगी शिकवणी. ‘तो मला म्हणाला’ या रचनेवरून ‘ही सेड मी’ हे वाक्य तयार होते, आणि स्पॅनिश विद्यार्थीही त्याच वाटेने त्याच चुकीपाशी पोहोचतो. मराठीतील ‘करणे’, तेलुगूतील ‘चेयु’, कन्नडातील ‘माडु’ व स्पॅनिशमधील ‘आसेर’ या एकेका क्रियापदाच्या जागी इंग्रजी ‘डू’ आणि ‘मेक’ अशी दोन क्रियापदे वापरते; त्यामुळे त्यांची गल्लत सार्वत्रिक आहे.

तथापि प्रत्येक चुकीचे खापर मातृभाषेवर फोडता येणार नाही. पिट कॉर्डर यांनी १९६७ साली दाखवून दिले की, चुका या शिकणाऱ्याने स्वतः बांधलेल्या नियमांच्या खुणा असतात. ‘केम’ याऐवजी ‘कम्ड’ म्हणणारा विद्यार्थी कोणत्याही भाषेचा असू शकतो. इंग्रजी घरातील लहान मूलही तसेच म्हणते. ‘आय ॲम नोइंग’ यासारखी रूपेही भारतात निरनिराळ्या भाषांच्या लोकांत आढळतात. अशा चुकांना तुलनात्मक व्याकरण पुरे पडत नाही.

म्हणून चुकांची वर्गवारी करणे अगत्याचे आहे : सर्व घरांतील मुले करतात त्या, एखाद्याच भाषेची मुले करतात त्या, आणि इंग्रजीच्या स्वतःच्या अनियमिततेतून उद्भवणाऱ्या. त्यासाठी मोठ्या साधनांची आवश्यकता नाही. निबंधाच्या वह्या तपासताना चुकीच्या नोंदीसमोर विद्यार्थ्याची घरची भाषा लिहून ठेवली, तरी वर्षभरात एका वर्गाची उपयुक्त सामग्री जमते. पदव्युत्तर अभ्यासकाला हा विषय घराजवळ उपलब्ध आहे. यंत्रमागाच्या आवाजात तेलुगू बोलत वाढलेला, मराठीतून शिकलेला मुलगा इंग्रजीच्या गुणांवर अडतो, तेव्हा तो भाषांच्या बाबतीत दरिद्री असतो असे नाही. त्याला येणाऱ्या दोन भाषांची नोंद त्याच्या शिक्षकाने घेतलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.