वय थांबत नाही, भरती थांबते

विष्णुपुरीच्या विद्यापीठ परिसरात भल्या पहाटे धावण्याचा सराव करणारी मुले-मुली आपण नेहमी पाहतो. पोलिसात लागायचे, एवढा एकच ध्यास. त्यांच्या उंचीची, धावण्याची घरोघर चर्चा होते. जन्मतारखेची मात्र होत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

पोलीस शिपाई पदासाठी बारावी उत्तीर्ण आणि वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. कमाल मर्यादा खुल्या प्रवर्गास २८, तर मागासवर्गीयांस ३३ वर्षे आहे. राज्य राखीव पोलीस दलात हीच मर्यादा २५ व ३० आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपाची झळ आपल्या भागाने सोसली. भूकंपग्रस्त व प्रकल्पग्रस्तांना शिपाई पदासाठी ४५ पर्यंत सवलत आहे, पण तसा दाखला हाती हवा. आणि वयात सवलत मिळाली तरी मैदानात पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर धावावेच लागते.

मागासवर्गीयांची पाच वर्षे ही कोणाची मेहेरबानी नव्हे. ज्या घरात पहिलीच पिढी शिकते, तेथे शिक्षण मजुरी करीत, अडखळत पुरे होते. त्या उशिराची ही भरपाई आहे. परंतु भरतीच वेळेवर निघाली नाही, तर ही भरपाई वाट पाहण्यातच संपते. २०१९ साली अर्ज मागविलेल्या भरतीची लेखी परीक्षा कोरोनाच्या काळात रखडून २०२१ साली झाली. पुढची मोठी जाहिरात नोव्हेंबर २०२२ मध्ये निघाली. मधल्या काळात ज्यांनी मर्यादा ओलांडली, त्यांचा दोष काय?

ऑगस्ट २०२५ मध्ये सुमारे १५ हजार पदांच्या भरतीस मान्यता देताना मंत्रिमंडळाने २०२२ व २०२३ मध्ये वय उलटलेल्यांना एक वेळची संधी दिली. निर्णय चांगलाच, पण दरवेळी अशा विशेष निर्णयाकडे डोळे लावून बसणे बरे नव्हे. भरती दरवर्षी ठरलेल्या महिन्यात व्हावी, ही आमची मागणी आहे.

पालकांनीही दहावीच्या प्रमाणपत्रावरील जन्मतारीख आजच तपासावी, जातीचा दाखला काढून ठेवावा, आणि बारावी होताच मुलांना पहिल्याच भरतीला उभे करावे. मुलींनाही. सोबत पदवीचे शिक्षण सोडू नये. वय उलटले तरी ते कामास येते.