उपवासाचा महिना आणि वाणसामानाची यादी

श्रावणात महाराष्ट्रातील अनेक घरांत मांसाहार वर्ज्य होतो आणि सोमवार, शनिवार, एकादशी असे उपवास जोडून येतात. त्यामुळे अन्नावरील खर्च घटत असावा असा समज सहज होतो, परंतु प्रत्यक्षात तो बहुधा एका जिनसावरून दुसऱ्यावर सरकतो. मटण-मासळीचे पैसे वाचतात, मागणी ओसरल्याने कोंबडी आणि अंडी यांचे भावही सहसा उतरतात; मात्र पोळी-भाताच्या जागी साबुदाणा, भगर म्हणजे वरीचे तांदूळ, शेंगदाणे, राजगिरा, रताळी, फळे आणि दूध येते. उपवासाला चालणारे पदार्थ मोजकेच असल्याने त्यांचे भाव चढले तरी खरेदी फारशी घटत नाही, आणि अशा मागणीला अर्थशास्त्रात अलवचीक मागणी म्हणतात. याचा खरा ताण गरीब घरावर पडतो, कारण शिधापत्रिकेवर मिळणारे गहू-तांदूळ उपवासाला चालत नाहीत आणि फराळाचा जिन्नस बाजारभावानेच घ्यावा लागतो. व्रतांचा भार अधिककरून स्त्रियाच वाहत असल्याने, पैसा अपुरा पडला की त्यांचाच दिवस चहावर निघतो. २०२३ साली अधिक मास श्रावणातच आला, आणि ज्या घरांनी दोन्ही महिने पाळले त्यांची ही बदललेली यादी सुमारे दोन महिने चालली.