पोर्तुगीज सर्वनामं, मराठीच्या वाटेनं

पोर्तुगीज शिकायला बसलेला मराठी माणूस बहुधा इंग्रजी पुस्तक नाहीतर इंग्रजी ॲप समोर ठेवतो. सर्वनामांचा धडा आला की ते पुस्तक बजावतं, की या भाषेत निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं, 'यू'साठी एकाहून जास्त शब्द असतात आणि कर्ता बदलला की क्रियापदही बदलतं. इंग्रजाला हे सगळं नवं आहे, आपल्याला नाही. म्हणून हा धडा मराठीतूनच समजून घ्यावा असं माझं ठाम मत आहे. जे आपल्याला येतंच, त्यावर वेळ जात नाही आणि जे खरंच अवघड आहे ते लवकर नजरेला पडतं.

आधी कर्त्याच्या जागची सर्वनामं. उच्चार लिस्बनच्या वळणाचे देतो. 'एउ' म्हणजे मी, 'तु' म्हणजे तू, 'एल' म्हणजे तो. 'एला' म्हणजे ती. त्यातला ए जरा तोंड उघडून, 'ॲ'कडे झुकवून म्हणायचा. 'नॉश' म्हणजे आम्ही आणि आपणसुद्धा, कारण हा भेद पोर्तुगीज करत नाही. 'वोसेश' म्हणजे तुम्ही सगळे. 'एलश' म्हणजे ते. घोळक्यात दहा बायका आणि एकच पुरुष असला, तरी 'एलश'च. नपुंसकलिंग नाही, त्यामुळे प्रत्येक वस्तू 'तो' किंवा 'ती'. पुस्तक म्हणजे 'लिव्रु', तो 'तो'. पेन म्हणजे 'कनेता', ती 'ती'.

आता बोलण्याचं क्रियापद घ्या: मी 'फालु', तू 'फालश', तो किंवा ती 'फाला', आम्ही 'फलामुश', ते 'फालांउ'. कर्ता क्रियापदातच कळतो, म्हणून सर्वनाम सर्रास गाळलं जातं. आपण 'येतो हं', 'जेवलास का?' म्हणतो, तसंच. इंग्रजीच्या सवयीनं प्रत्येक वाक्याला 'एउ' लावणारा शिकाऊ लगेच ओळखू येतो. शिवाय बोलतो-बोलते हा फरक तिथे नाही. पुरुष असो की बाई, 'फालु' एकच. आभार मानताना मात्र बोलणाऱ्याचं लिंग दिसतं: पुरुष 'ओब्रिगादु' म्हणतो, बाई 'ओब्रिगादा'.

समोरच्याला काय म्हणायचं, इथे थोडं थांबायला हवं. पुस्तकात 'तु' आणि 'वोसे' असे दोन शब्द शेजारी छापलेले असतात आणि आपण मनात तू-तुम्ही अशी जोडी लावून मोकळे होतो. ती जोडी लागत नाही. 'वोसे' हा 'व्हॉसा मेर्से', म्हणजे 'आपली कृपा', या जुन्या आदरार्थी संबोधनाचा झिजलेला अवतार आहे. मूळ संबोधन तृतीयपुरुषी, म्हणून 'वोसे'ला क्रियापद 'तो'चं लागतं: 'वोसे फाला'. ब्राझीलच्या बहुतेक भागांत 'वोसे' हे रोजचं, मित्राला चालणारं सर्वनाम आहे. दक्षिणेत आणि ईशान्येत 'तु'ही ऐकू येतं, पण बोलताना पुष्कळदा क्रियापद 'तो'चंच राहतं. पोर्तुगालमध्ये घरी आणि मित्रांत 'तु', आणि अनोळखी वडीलधाऱ्याला तोंडावर 'वोसे' म्हटलेलं पुष्कळांना उद्धट वाटतं. तिथे पुरुषाला 'उ सेन्योर', बाईला 'आ सेन्योरा' म्हणतात, किंवा सरळ नाव घेऊन तृतीयपुरुषी क्रियापद वापरतात: 'मारियाला कॉफी हवी का?' हे खुद्द मारियालाच विचारलेलं असतं. आपणही साहेबांना समोरासमोर 'साहेब चहा घेणार का?' असं विचारतो, तेव्हा ही रीत परकी वाटू नये. शंका असेल तेव्हा सर्वनाम गाळावं आणि 'फाला' एवढंच वापरावं. त्यात आदरही राहतो आणि चूकही होत नाही.

मालकी दाखवणारी सर्वनामं आपल्याला जवळजवळ फुकट मिळतात. माझा-माझी जसं वस्तूच्या लिंगानं बदलतं, तसंच 'उ मेउ लिव्रु', 'आ मिन्या कनेता'. एकच जागा सांभाळायची. 'सेउ' म्हणजे त्याचा, तिचा, त्यांचा आणि आदरानं तुमचाही. म्हणून संदिग्धता नको असेल तर 'देल' (त्याचं) किंवा 'देला' (तिचं) नामाच्या मागून लावतात. ही रूपं मालकाचं लिंग सांगतात, वस्तूचं नाही: 'उ लिव्रु देला', 'आ कनेता देला'.

खरी अवघड जागा पुढे आहे. मराठीत 'त्याला पाहिलं' आणि 'त्याला पुस्तक दिलं' या दोन्हींत 'त्याला' एकच. पोर्तुगीजमध्ये ते दोन आहेत. पाहणं, विकत घेणं अशा क्रियांचं थेट कर्म असेल तर पुल्लिंगी 'उ', स्त्रीलिंगी 'आ'. देणं, सांगणं अशा क्रियांत ज्याच्यापर्यंत गोष्ट पोचते, त्याच्यासाठी 'ल्य', मग तो असो की ती. इंग्रजी पुस्तकं इथे फार मदत करत नाहीत, कारण इंग्रजीतही दोन्हीकडे 'हिम'च. वाक्यात एखादी वस्तू किंवा निरोप कुणाच्या तरी हाती पोचतोय का, हे स्वतःला विचारा. पोचत असेल तर 'ल्य'.

मग या इवल्या सर्वनामाची जागा. पोर्तुगालमध्ये साध्या वाक्यात ते क्रियापदाच्या मागे चिकटतं: 'कोंप्रु-उ', मी ते विकत घेतो. नकार आला की ते पुढे उडी मारतं: 'नांउ उ कोंप्रु'. 'की'च्या अर्थाचा 'क', प्रश्नार्थक शब्द, 'तांबेंय' (सुद्धा) आणि 'सेंप्र' (नेहमी) यांनीही ते पुढे ओढलं जातं. मागे चिकटताना ध्वनीही सांधले जातात. 'कोंप्रार' (विकत घेणं) याला 'उ' जोडला की 'कोंप्रा-लु' होतं, 'कोंप्रांउ' (ते विकत घेतात) याला जोडला की 'कोंप्रांउ-नु'. संधी शिकलेल्या माणसाला हे नियम दोन दिवसांत पाठ होतात.

ब्राझीलमध्ये बोलताना सर्वनाम बहुधा क्रियापदाच्या आधीच येतं, वाक्याच्या सुरुवातीलासुद्धा, आणि 'त्याला पाहिलं' यासाठी थेट 'एली' (लिस्बनच्या वळणानं 'एल') हे कर्त्याचंच रूप वापरतात. शाळेचं व्याकरण आणि लोकांची जीभ यांतल्या या तफावतीवर ब्राझिली कवी ओस्वाल्द जी आन्द्रादी यांची 'प्रोनोमिनाइस' ही कविता त्यांच्या १९२५ सालच्या 'पाउ-ब्राझील' संग्रहात आहे. मराठी कानानं इथे एक सावधगिरी बाळगावी: ब्राझीलमध्ये 'मला' या अर्थाच्या सर्वनामाचा उच्चार 'मी' असा होतो.

पोर्तुगीज मराठीच्या शेजारी आली की तिच्या वाक्यरचनेचं काय होतं, हे पाहायला लिस्बनला जायला नको. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. तिथले ख्रिस्ती लोक पोर्तुगीजपासून घडलेली बोली बोलतात, तिला 'नो लिंग', आमची भाषा, म्हणतात. शेकडो वर्षांच्या मराठीच्या सहवासानं तिचं क्रियापद वाक्याच्या शेवटी गेलं आहे.

सुरुवात करणाऱ्यानं दोन देशांच्या रीती एकत्र कालवू नयेत. गोव्यातल्या जुन्या पिढीशी बोलायचं असेल किंवा तिथली जुनी कागदपत्रं वाचायची असतील, तर पोर्तुगालची रीत धरा. काम ब्राझीलशी असेल तर ब्राझीलची. आधी कर्त्याची सर्वनामं क्रियापदासकट तोंडी बसवा, मग मालकीची घ्या. 'उ' आणि 'ल्य' सर्वांत शेवटी घ्या आणि त्यांना सर्वांत जास्त वेळ द्या.