गाडी नवी, फाळका सैल
किरकोळ म्हणून सोडून दिलेला दोष मुदतीत दुरुस्त करून घेणे हा ग्राहकाचा हक्क आहे

नवी पिकअप गाडी दाराशी आली की नारळ फुटतो, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. इंजिन कसे आहे, डिझेल किती खाते, हप्ता किती, याची चौकशी सगळेच करतात. हौद्याच्या मागच्या फाळक्याकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही. महिना-दीड महिन्याने तोच फाळका खडखडू लागतो. एका बाजूची कडी पुरती बसत नाही आणि खड्ड्यातून जाताना निसटते. विक्रेता म्हणतो, "एवढंसं तर आहे, पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू." घरचेही म्हणतात, "सध्या दोरीने बांधून टाका." दोष मात्र तसाच राहतो आणि वॉरंटीचे दिवस सरत जातात.

दोष लहान, धोका मोठा

भिलाईतल्या कोहक्यासारख्या वस्तीत ही दिरंगाई परवडणारी नाही. पोलादाच्या या शहरात पिकअपमध्ये आज सिमेंट, उद्या सळया, परवा एखाद्याचे घरसामान असते. वर्दळीच्या जी. ई. रोडवर फाळका अचानक उघडला, तर मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या जिवावर बेतते. फाळका उघडा ठेवून माल मागे बाहेर काढलेला आढळला, तर मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार 20,000 रुपये दंड आहे.

मोठ्या कंपन्यांनाही हा 'किरकोळ' भाग महागात पडला आहे. 2004 साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने सुमारे 40 लाख पिकअप गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. उघडलेला फाळका आडवा तोलून धरणाऱ्या पोलादी तारा ओल शिरून गंजत आणि तुटत. फाळक्यावर बसलेली, उभी राहिलेली माणसे पडून जखमी झाली होती. कंपनीने त्या जागी न गंजणाऱ्या पोलादाच्या तारा बसवून दिल्या.

आधी दोष ओळखा

फाळक्याची रचना साधी असते. खाली बिजागऱ्या, दोन्ही बाजूंना कड्या आणि आधाराला साखळ्या. कडी बसत नसेल तर बोल्ट ढिले झाले आहेत, बिजागरीची पिन झिजली आहे की हौदाच वाकला आहे, हे पाहावे लागते. रिकाम्या गाडीत नीट बसणारा फाळका माल भरल्यावर बसत नसेल, तर तेही लक्षात ठेवून सांगावे.

हौदा कुणी बनवला, हेही पाहावे. तो कंपनीकडूनच आला असेल तर जबाबदारी वॉरंटीत येते. नुसती चॅसी घेऊन हौदा बाहेर बांधून घेतला असेल, तर पहिली तक्रार तो बांधणाऱ्याकडे करावी लागते. म्हणून त्याचेही पक्के बिल घ्यावे.

बऱ्याच जणांची चूक होते ती यापुढे. वेळ वाचवायला रस्त्याकडेच्या वेल्डरकडून पट्टी मारून घेतली जाते. मग "बाहेर काम केले आहे, वॉरंटी लागू नाही" असे सांगायला विक्रेत्याला आयते कारण मिळते. दुरुस्ती होईपर्यंत जास्तीचा हूक लावून फाळका बांधावा आणि माल कमी भरावा. ठोकाठोक मात्र करू नये.

तोंडी नको, कागदावर

गाडी वर्कशॉपमध्ये नेल्यावर जॉबकार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. "फाळका तपासणे" असे मोघम न लिहिता "डाव्या बाजूची कडी बसत नाही, चालत्या गाडीत फाळका उघडतो" असे स्पष्ट लिहावे. तारीख आणि किलोमीटरची नोंद करून प्रत मागून घ्यावी. फोटो काढून ठेवावेत. सुटा भाग मागवावा लागणार असेल, तर तो कधी येईल हेही लिहून मागावे.

गाडी परत घेताना घाईने सही करू नये. फाळका आठ-दहा वेळा उघडून-लावून पाहावा आणि जवळच्या खराब रस्त्यावरून एक फेरी मारावी. तरीही दोष राहिला तर नवे जॉबकार्ड करून घ्यावे. तीच तक्रार दोन-तीन कार्डांवर आली की तिला वजन येते. त्यानंतर विक्रेत्याच्या व्यवस्थापकाला आणि कंपनीला लेखी कळवावे.

कायदा कुणाच्या बाजूने?

"गाडी धंद्याची आहे, तुम्ही ग्राहक नाही," असे ऐकून अनेक जण गप्प बसतात. ही समजूत चुकीची आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पोटासाठी स्वतः चालवायला रिक्षा किंवा ट्रक घेणारा माणूस ग्राहकच असतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही स्वयंरोजगाराला हे संरक्षण आहे.

प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथे मराठीतूनही बोलता येते. त्याने काम झाले नाही, तर कोहक्याच्या रहिवाशाला दुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रार राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या जिल्ह्यात करता येते, त्यामुळे कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. वकील देणे सक्तीचे नाही. 5 ते 10 लाख रुपयांच्या गाडीसाठी शुल्क अवघे 200 रुपये आहे. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षे.

मागणी मात्र दोषाच्या मापाची असावी. मारुती उद्योगाच्या एका खटल्यात 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, वॉरंटीत दोषी भाग दुरुस्त करणे किंवा बदलून देणे येते, अख्खी गाडी नव्हे. फाळक्यासाठी नवी गाडी मागणाऱ्याचे म्हणणे हलके पडते. नवी कडी, नीट बसवलेली बिजागरी आणि गाडी उभी राहिल्याने बुडालेल्या दिवसांची वाजवी भरपाई मागणाऱ्याचे म्हणणे ऐकले जाण्याची शक्यता अधिक.

ज्या गाडीवर घरचा हप्ता, मुलांची फी आणि रोजचे धान्य अवलंबून आहे, तिचा एकही भाग किरकोळ नसतो. वॉरंटीचे पुस्तक देव्हाऱ्याशेजारी जपून न ठेवता एकदा उघडून वाचावे आणि मुदत कधी संपते ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी.