तेल प्यायलेल्या मातीला वाफसा हवा

गॅरेजमागे जळकं ऑइल ओतलेल्या जागेतलं एखादं ढेकूळ हातात घेऊन पाहा. मेणचट लागतं. वर पाणी शिंपडलं तर जिरत नाही, थेंब घरंगळून जातो. अशा मातीवर जिवाणूंची पावडर टाकली की काम झालं, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही.

तेल खाणारे जिवाणू बहुतेक मातीत आधीपासून थोडेफार असतातच. त्यांची उपासमार वेगळीच असते. तेलात कार्बन भरपूर, पण नत्र आणि स्फुरद जवळजवळ नाही. त्यात हवा कोंडलेली. १९८९ साली ‘एक्सॉन वाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या समुद्रात खडकावर आदळून फुटलं, तेव्हा किनाऱ्यावरच्या गोट्यांवर खत टाकलं गेलं आणि तिथल्याच जिवाणूंनी तेल खाल्लं. आपल्याकडे ‘टेरी’ संस्थेने तेलाच्या गाळासाठी ‘ऑइलझॅपर’ हे जिवाणूंचं मिश्रण तयार केलं. पण विरजण बाहेरचं असो की मातीतलं, मशागत चुकत नाही. माती पसरायची, खत मिसळायचं, पाळ्या घालायच्या, ओल राखायची पण चिखल होऊ द्यायचा नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, नेमका तोच सांभाळायचा, आणि तोही महिनोन् महिने. डिझेल लवकर सरतं. डांबरासारखा जड भाग वर्षानुवर्षं चिवटपणे टिकतो. म्हणून वास गेला की माती शुद्ध झाली, असं मानू नये. प्रयोगशाळेत तपासूनच ठरवावं.

हे जिवाणू प्रयोगशाळेत घडवलेले असतात, ही भीतीही बहुतांशी अनाठायी आहे. आनंद मोहन चक्रवर्ती यांनी तेल पचवणारा जिवाणू घडवला आणि १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचा पेटंटचा हक्क मान्य केला, हे खरं. पण प्रत्यक्ष तेलगळतीवर तो कधी सोडला गेला नाही.

सर्वांत घातक गैरसमज धातूंबद्दलचा. शिसं, आर्सेनिक ही मूलद्रव्यं आहेत; कुठलाही जिवाणू ती खाऊन संपवू शकत नाही. फार तर रूप पालटतं: विषारी, पाण्याबरोबर पसरणारं सहा संयुजेचं क्रोमियम काही जिवाणू तीन संयुजेचं, कमी घातक करून टाकतात. आर्सेनिक मातीतून उपसणारं एक नेचं आहे, टेरिस व्हिटाटा. त्याची ही ताकद २००१ मध्ये फ्लोरिडातल्या शास्त्रज्ञांनी जगापुढे आणली. ते मुळांवाटे आर्सेनिक ओढून पानांत साठवतं. माती हलकी होते, पान विषारी होतं. म्हणून ही पानं वेळोवेळी कापून घातक कचरा म्हणूनच हलवावी लागतात. गुरांपुढे टाकायची नाहीत, उकिरड्यावर नाहीत आणि चुलीत तर नाहीतच.